पॉइंट

आमच्या कुर्डुवाडीत ‘पॉइंट’ या एका शब्दावर तीन पेशे पोट भरतात. रेल्वेतला माणूस पॉइंट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रुळांचा सांधा असतो. शाळेतला मुलगा ‘सर, पॉइंट काढून द्या’ म्हणतो तेव्हा त्याला परीक्षेत उतरवून टाकण्याजोगे मुद्दे हवे असतात. आणि स्टेशनाकडून गावात येताना एखाद्या जुन्या गॅरेजातून ‘पॉइंट गेलाय’ असे शब्द कानी पडले, तर समजावे की कुणीतरी बिचारा सकाळपासून किक मारून मारून घामाघूम झालेला आहे. पहिल्या पॉइंटने आमचे गाव मोठे केले, दुसऱ्यावर माझी भाकरी चालते, आणि तिसऱ्याविषयी मी आज लिहिणार आहे.

पण पहिल्याला नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे कुर्डुवाडीकराला शोभणार नाही. मुंबई-पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग आणि मिरजेहून पंढरपूर, बार्शी करीत लातूरला जाणारा दुसरा, असे दोन मार्ग आमच्याकडे भेटतात. हा दुसरा मार्ग एके काळी अगदी अरुंद होता. दोन फूट सहा इंच! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली तो बार्शीपर्यंत नेला. तेव्हा आमच्या स्टेशनाचे नावदेखील ‘बार्शी रोड’ होते. ही बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पसरली, १९५४ साली सरकारच्या मालकीची झाली, आणि २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत तुकड्या-तुकड्याने रुंद होऊन गेली. लहानपणी मी त्या चिमुकल्या गाडीतून पंढरपूरला गेलेलो आहे. तिच्या वेगाविषयी वारकरी मंडळी जे विनोद करीत, ते विठोबानेही ऐकले असतील.

रेल्वेच्या पॉइंटचे काम जुळण्याचे. तो घट्ट मिटला नाही, तर गाडी रुळावरून उतरायची. गॅरेजातल्या पॉइंटचे काम नेमके उलटे. तो मिटून राहिला, तर गाडी जागची हलायची नाही. त्याने तुटले पाहिजे, आणि तेही अगदी वेळेवर तुटले पाहिजे. एकाच गावात, एकाच नावाच्या दोन वस्तूंचे असे परस्परविरुद्ध धर्म असावेत, याची मला फार गंमत वाटते.

ही वस्तू पाहण्याचा योग सर्वांना आला असेल असे नाही. दुकानात तिला ‘सीबी पॉइंट’ म्हणून मागतात. तळहातावर घेतली, तर सहज मुठीत हरवेल एवढीच. धातूच्या दोन टिकल्या, हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान. एक जागेवर बसलेली. दुसरी एका हलत्या दांडीच्या टोकाला. त्या दांडीला पाठीमागून पोलादाच्या पातळ पट्टीची स्प्रिंग दाबून धरते, आणि म्हणून दोन्ही टिकल्या एकमेकींना चिकटून असतात. दांडीच्या पोटाशी फायबरची एक बारीकशी टाच असते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर एके ठिकाणी थोडा उंचवटा ठेवलेला असतो. तो फिरत फिरत टाचेखाली आला, की टाच उचलली जाते आणि टिकल्या एकमेकींपासून सुटतात. उंचवटा पुढे सरकला, की स्प्रिंग त्यांना पुन्हा एकत्र आणते. उघडायचे काम इंजिनाचे, मिटवायचे काम स्प्रिंगचे. बस्स, एवढीच सगळी यंत्रणा. विजेचे बटणच म्हणा ना! फरक इतकाच, की आपल्या घरातले बटण दिवसातून चारदा दाबले जाते; हे बटण मिनिटाला चार-पाच हजार वेळा उघडते आणि मिटते. दोन स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या स्कूटरीला प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला चार हजार फेरे धरले, तर तासाभरात ही स्प्रिंग दोन लाख चाळीस हजार वेळा त्या टिकल्यांना भेटवते. घरातले कुठले माणूस इतक्या वेळा कुणाची समजूत काढील?

यातली खरी नवलाई मात्र पुढेच आहे. माझी समजूत अशी होती, आणि बहुतेकांची असते, की दोन टिकल्या जुळल्या की वीज वाहते आणि ठिणगी पडते. पदार्थविज्ञानाशी माझा परिचय दहावीच्या पुस्तकापुरता. त्याहून अधिक काय समजणार? आमच्या मिस्त्रींनी मला पहिल्यांदा सांगितले, “मास्तर, करंट जुळताना येत न्हाई. तुटताना येतो.”

हे मिस्त्री माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. वडील गेले, त्यांची स्कूटर माझ्याकडे आली, आणि स्कूटरीबरोबर मिस्त्रीही वारशाने आले. वयाची सत्तरी जवळ आली असेल. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. स्कूटरीच्या फ्लायव्हीलला एक खिडकी असते. त्या खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर घालून पॉइंटची फट लावावी लागते. ही फट असते साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. तिच्यासाठी फिलर गेज नावाच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा मिळतो. मिस्त्रींकडे तो आहे, पण त्याचा उपयोग ते शेवटी करतात, गणिताचा ताळा पाहावा तसा. आधी बोटाने चाक किंचित मागेपुढे करतात, कान देतात, आणि म्हणतात, “चारला हाय.” पाते घालून पाहावे तर खरोखरच ०.४.

पॉइंट पुसण्याची त्यांची पद्धतही पाहण्याजोगी. लग्नपत्रिकेची कोरी कड कात्रीने कापून ठेवलेली असते. ती दोन टिकल्यांमध्ये धरून हलकेच ओढायची, म्हणजे तेलाचा आणि काजळीचा अंश निघून जातो. ज्यांचे सगळे कर्तृत्व एकमेकांपासून सुटण्यात, त्यांच्यामध्ये लग्नपत्रिका घालणारा हा गृहस्थ विनोदी म्हणावा, की तत्त्वज्ञ, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

तर, करंट तुटताना येतो. हे प्रथम ज्याच्या ध्यानात आले तो मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा फारशी झालेली नाही, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेली. १८३१ साली लंडनमध्ये त्याने एका लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेचे दोन वेगवेगळे वेढे दिले. एका वेढ्यातून वीज सोडली आणि दुसऱ्याला जोडलेल्या सुईकडे पाहत राहिला. वीज सुखाने वाहत होती तोवर सुई निश्चल. जोडताना मात्र ती एकदा हलली, आणि तोडताना पुन्हा एकदा, उलट्या दिशेला. जे स्थिर आहे त्यातून शेजाऱ्याला काही मिळत नाही. बदलते त्यातूनच मिळते. पॉइंटचे सगळे शास्त्र या हललेल्या सुईत आहे. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा कॉइलच्या जाड तारेतून वीज वाहते आणि तिच्याभोवती चुंबकत्व साठते. पॉइंट फटकन उघडला, की वीज तुटते आणि ते चुंबकत्व एका क्षणात ओसरते. त्या ओसरण्याने शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत इतका दाब उसळतो, की दहा-पंधरा हजार व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकाशी उडी मारते. जितके तुटणे झटक्याचे, तितकी ठिणगी जोमदार. जोडताना वीज हळूहळू चढते, म्हणून त्या वेळी उडी मारण्याइतका दाब येत नाही.

पण वीजही माणसासारखीच. तुटायची वेळ आली, की तिचा जीव अडकतो. टिकल्या सुटल्या तरी मधल्या फटीतून ती उडी मारू पाहते. तसे झाले, तर जी ठिणगी प्लगपाशी पडायची ती पॉइंटवरच पडते, टिकल्या जळतात, एकीचा धातू उडून दुसरीवर जाऊन बसतो. मिस्त्री म्हणतात, “एकीचा डोंगर, दुसरीचा खड्डा.” यावर उपाय म्हणून पॉइंटच्या शेजारी कंडेन्सर नावाची लहानशी डबी जोडलेली असते. निघू न शकणाऱ्या विजेला ती क्षणभर आपल्या घरात घेते, आणि तेवढ्यात टिकल्या पुरेशा दूर होतात. टिकल्यांनाही टंगस्टनचे अंग असते, कारण धातूंत सर्वांत उशिरा वितळणारा धातू तोच. एवढे करूनही टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते, आणि गाडी चढावर धापा टाकू लागते.

स्प्रिंगचे गणित तर त्याहून नाजूक. ती मऊ पडली, तर इंजिन जोरात फिरू लागल्यावर दांडी वेळेत परतत नाही. ‘पॉइंट हवेत राहतो’ असे मिस्त्री म्हणतात, आणि गाडी मिसिंग करू लागते. ती फार कडक असली, तर परतते वेळेवर, पण टाच दुप्पट वेगाने झिजवते. आईबापांनी, मास्तरांनी आणि सासूबाईंनी या स्प्रिंगचा थोडा अभ्यास करावा, असे मला कधी कधी वाटते.

एवढ्याशा कळीवर मोठमोठ्या माणसांनी डोके चालवलेले आहे. जर्मनीत स्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. बॅटरी नसतानाही चुंबकाच्या साह्याने वीज काढायची आणि पॉइंट तोडून तिची ठिणगी करायची, ही ती युक्ती. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जुळणी मोटारीत बसवली; १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तिच्याबरोबर त्याचा विजेचा स्टार्टरही आला आणि हँडल मारून हात मोडून घेण्याची पाळी गेली. हा केटरिंग तरुणपणी शाळामास्तर होता, आणि डोळ्यांच्या दुखण्याने त्याचे शिक्षण मध्येच थांबले होते, हे वाचल्यापासून त्याच्याविषयी मला घरचा माणूस असावा तसा जिव्हाळा वाटतो. पुढे साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचे हृदय या जुळणीवर धडधडत होते. आपल्याकडच्या ॲम्बॅसडर, पद्मिनी, राजदूत, लुना, पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या जुन्या स्कूटरी आणि रिक्षा, सर्वांच्या पोटात हाच पॉइंट.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, दिवाळीच्या अंकात हे काय गॅरेज उघडून बसलात? त्याचे कारण एक मुलगा आहे.

२०२४ साली तो माझ्या दहावीच्या वर्गात होता. माणसे भूम-परांड्याच्या बाजूची. पावसाळ्यात आईबाप कुर्डुवाडीत बांधकामावर मजुरी करीत आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जात. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्या धंद्यातला हिशेब. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घ्यायची, आणि ती पाच-सहा महिने राबून फेडायची. मुलगा सोळाव्यात होता. हातपाय चांगले दणकट. म्हणजे अर्धा कोयता! त्याच्या आदल्या हंगामात तो गेलाही होता, आणि नववीची वार्षिक परीक्षा कशीबशी देऊन वर आला होता. शाळेत तो बसे मागच्या बाकावर, आणि संध्याकाळी मिस्त्रींच्या गॅरेजात पाने-पक्कड पुसत असे.

सहामाहीच्या आधी मी वर्गाला आत्मवृत्त लिहायला दिले होते. ‘मी नदी बोलते’, ‘मी फाटके पुस्तक बोलतोय’ हे आमचे नेहमीचे रतीबाचे विषय. मुलांना म्हटले, यंदा विषय तुमचा तुम्ही निवडा. एकोणचाळीस मुलांनी नदी, झाड आणि मोबाइल यांना बोलते केले. याने लिहिले होते, ‘मी पॉइंट बोलतोय’. एरवी चार ओळींवर न जाणाऱ्या या मुलाने दोन पाने भरली होती. शुद्धलेखनाचा आनंदच होता. पण मी लाल पेन खाली ठेवले. त्यात एके ठिकाणी होते, “मी उघडतो तेव्हा गाडी चालते, म्हणून सगळे म्हणतात पॉइंट उघडला पाहिजे. पण मला मिटवणारी स्प्रिंग कुणाला दिसत नाही. ती तुटली तर मी एकदा उघडला की उघडाच राहीन. मग दुसरी ठिणगी कशी पडणार?” मी ते दोनदा वाचले. पंचवीस वर्षे कादंबऱ्या लिहिण्याची खटपट करणाऱ्या माणसाला असे वाक्य फुकटात सापडले, तर त्याला हेवा वाटणारच.

चौथ्या दिवशी समजले, की मुलगा भाऊबीजेनंतर शाळेत येणार नाही. उचल घेऊन झाली होती, आणि यंदा ती दीड कोयत्याची होती.

मी मिस्त्रींकडे गेलो. ते एका लुनाचा पॉइंट काढून बसले होते. मला वाटले होते, चांगला हाताखालचा पोरगा जातोय म्हणून ते हळहळतील, आणि राहिला तर पूर्णवेळ कामावर घेतो म्हणतील. त्यांनी मान वरदेखील केली नाही. म्हणाले, “राहिला तरी मी त्याला दिवसाचा घेणार न्हाई, मास्तर. पॉइंटच्या गाड्या आता म्हैन्याला चार येतात. एक तुमची, एक ही, बाकी देव पाठवंल ती. नव्या गाडीला पॉइंट न्हाई, खोललं तर आत नुसती डबी. तिचं दुखणं बघायला मशीन लावायचं आन् त्यावरचं इंग्रजी वाचायचं. मला ते येत न्हाई. त्याला आलं पायजे. शाळा सुटली, तर तो माझ्यावाणीच व्हईल, आन् माझ्यावाणी होऊन आता भागायचं न्हाई.”

आपली विद्या आपल्याबरोबर संपणार, हे इतक्या शांतपणे सांगणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. लुनाच्या टिकल्यांमधून लग्नपत्रिका ओढून त्यांनी ती मला दाखवली. काळी झाली होती. “रात्रीचं इथंच झोपू दे,” ते म्हणाले, “भाकरी माझ्या घरनं येईल. पर बापाला तुम्ही सांगा. मला बोलता येत न्हाई.”

बापाला मी सांगितले. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. त्याने सगळे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता, की आडमुठाही नव्हता. त्याने मला बोटांवर हिशेब करून दाखवला, आणि त्या हिशेबात मला कुठेही चूक सापडली नाही. “सर, उसनं असतं तर हातापाया पडलो असतो. ही उचल हाय. मुकादम माणसं मोजून घेतो.” यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नाही. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी दहा मिनिटे बोलू शकतो. पण त्या खोलीत ते शब्द तोंडातून निघेनात.

चुलीपाशी बसलेली त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या त्याला. मी दीड कोयता तोडीन.”

बाप काही बोलला नाही. मीही बोललो नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, आणि विषय संपला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत भांडीकुंडी, कोंबड्यांची पाटी, ताडपत्र्या आणि माणसे. मुलगा, मिस्त्री आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. सगळीकडे अजून आकाशकंदील लागलेले होते. पोरांनी उरलेले फटाके कुठेतरी लावले होते, त्यांचा आवाज येत होता. ट्रॅक्टर सुरू झाला, तसा मुलगा सवयीने म्हणाला, “याला पॉइंट नसतो, सर. डिझेलला ठिणगी लागत नाही. नुसत्या दाबानं पेटतं.” एवढे बोलून तो गप्प झाला. आईने ट्रॉलीतून काही सांगितले. इंजिनाच्या आवाजात ते आमच्यापर्यंत पोचले नाही. त्याने मात्र मान हलवली.

लेखकाला उपमांचा मोह फार. तुटण्यातून ठिणगी पडते, असे मी मघाशी मोठ्या ऐटीत लिहून गेलो. वहीत ते छान दिसते. पण ट्रॉलीच्या मागे उभ्या राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला जाऊन तसे सांगण्याची माझी छाती नाही. पॉइंट सेकंदाला ऐंशी वेळा तुटतो, आणि ऐंशी वेळा जुळतो. म्हणून त्याचे तुटणे सुसह्य. पाच महिन्यांच्या फटीला कोणते पाते लावायचे?

तो हिवाळा मुलाने गॅरेजात काढला. दिवसा शाळा, संध्याकाळी दोन तास काम, रात्री मिस्त्रींच्या बाकड्यावर पुस्तक. मिस्त्रींना वाचता येत नसे असे नाही, पण डोळ्यांनी साथ सोडली होती. ते त्याला मोठ्याने वाचायला लावीत, आणि स्वतः काळोखात बसून ऐकत. विज्ञानाच्या पुस्तकात फॅरडेचा नियम आला, तेव्हा म्हणे त्यांनी तो तीन वेळा वाचायला लावला आणि शेवटी म्हणाले, “हे तर आपलंच हाय की!” रविवारी रात्री आईचा फोन येई. ती ऊस कुठल्या गावी चालला आहे ते सांगे, तो कुठला धडा चालला आहे ते सांगे. जेवलास का, हे दोघेही दोनदा विचारीत. फोन ठेवला की मुलगा थोडा वेळ काही न करता बसे. मिस्त्री त्या वेळी त्याला हाक मारीत नसत.

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा आईबाप परत आलेले होते. त्याला अठ्ठावन्न टक्के पडले. वर्तमानपत्रात फोटो यावा असे यात काही नव्हते. पण माझ्या चौकशीला त्याच्या आईने जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, “अर्ध्याच्या वर हाय न्हवं?” अर्ध्या कोयत्याचा हिशेब तिच्या मनात होता की नाही, मला सांगता येणार नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर मात्र घट्टे पडून फुटले होते, आणि ते तिने पदराखाली झाकले.

आता तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतो आहे. तिथे त्याने पाहिले, की नव्या गाडीत दोन टिकल्या नाहीत, टाच नाही, स्प्रिंग नाही. चाकावरचा उंचवटा एका बारीकशा कॉइलजवळून नुसता निघून जातो, तिला स्पर्शही करीत नाही. तेवढ्या चाहुलीने इलेक्ट्रॉनिक डबी विजेचा खेळ करून ठिणगी पाडते. झीज नाही, फट लावणे नाही, चढावर धाप नाही. हे सारे चांगलेच झाले. पॉइंटच्या पायी पावसात ढकलत नेलेल्या स्कूटरी ज्यांना आठवतात, ते त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणार नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या. चेतक हे नाव २०१९ साली पुन्हा आले ते विजेच्या गाडीवर. तिला तर इंजिनच नाही, मग ठिणगी कसली? मी हे सारे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, “बरं हाय की. मास्तर, ज्याला लागतो त्याला आपण देऊ.” त्यांच्या फळीवर दुधाच्या भुकटीचा एक डबा आहे. त्यात झिजलेले पॉइंट साठवलेले आहेत. एखाद्याची स्प्रिंग चांगली असते, एखाद्याची दांडी. दोन मेल्यांतून एक जिवंत करता येतो, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्या स्कूटरीने पुन्हा कुरकुर सुरू केली. मुलगा सुट्टीला आला होता. मिस्त्री बाकड्यावरून उठले नाहीत. “तू लाव,” एवढेच म्हणाले. त्याने फ्लायव्हीलच्या खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर घातला, पत्रिकेची कड ओढली, चाक मागेपुढे केले, कान दिला. “चारला आहे,” तो म्हणाला. मिस्त्रींनी हात पुढे केला. मुलाने त्यांच्या हातात फिलर गेज ठेवले, आणि त्यांनी न बघता, बोटांनी पाती चाळून, त्यातले एक निवडून दिले. ते फटीतून अलगद, किंचित अडखळत गेले.

मी किक मारली. सुरू झाली नाही. दुसरी मारली. झाली.

“पहिल्याला व्हायला पायजे,” मिस्त्री म्हणाले. “खोल परत.”

आणि त्याने हसत हसत पुन्हा खोलले.